ब्रह्मपुरीत बसलेला फोन

अश्वजित सोमवारी साक्षीच्या दुकानात शिरला तो पासपोर्टची झेरॉक्स काढायला. झेरॉक्स निघाली, घडी होऊन खिशात गेली, तरी स्वारी काउंटर सोडायला तयार नाही!

"अजून काही?" साक्षीनं विचारलं.

"तुमी... फोनमंदी व्हीपीएन टाकून देता का जी?"

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर साक्षीचं ऑनलाइन कामांचं दुकान. सातबारा, रेशनकार्ड, परीक्षेचे फॉर्म, दिवसभर हेच. व्हीपीएन मागणारा हा पहिलाच. तिनं मान वर केली. उंच, सावळा, आणि कानाच्या पाळ्या लालबुंद. डिसेंबरच्या थंडीनं झाल्या असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

"काऊन पायजे?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अश्वजित जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स. वडील गेल्यापासून आई गिरजाबाई गावात एकटी. रोज संध्याकाळी साडेसातला मायलेक एकच मालिका पाहायचे. ती इथे टीव्हीवर, तो तिथे दुपारच्या सुट्टीत फोनवर, आणि दोघांचं बोलणं सोबतीला चालू. पण दिवाळीपासून ते ॲप एकच पालुपद लावून बसलं... हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.

"आता आई मले मालिका सांगते," तो म्हणाला. "निस्ती मालिकाच सांगते. आधी जाहिराती लागल्या का गुडघ्याचं सांगे, धानाचं सांगे. मले मालिकेचं काही नाई जी... मले त्या जाहिराती पायजेत."

अगं माय! असं बोलणाऱ्या माणसाला कुणी नाही म्हणावं तरी कसं?

"सोपं आहे," साक्षी म्हणाली. "व्हीपीएन चालू केलं का, फोन जर्मनीत असला तरी ॲपले वाटते तो इथीच बसला आहे, ब्रह्मपुरीत."

"फोनची मजा आहे," तो पुटपुटला. त्याच्याही नकळत निघालं असावं ते, कारण पाळ्या आणखी लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! "चालते का नाई, एकडाव टेस्ट करून पाहावं म्हटलं."

आता गंमत ऐका. ब्रह्मपुरीत बसून ही टेस्ट होतच नाही. इथे ती मालिका व्हीपीएनशिवायही दिसते, अडते ती परदेशात. साक्षीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी बाईसाहेबांनी गंभीर चेहऱ्यानं फोन हातात घेतला, मालिका लावली आणि दोघं शेजारी उभी राहून पाच मिनिटं सासूचं रडणं पाहत राहिली.

"चालते," ती म्हणाली.

"उद्या बी पाहून घेऊ... कसं?"

बुधवारी तो डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आला. गुरुवारी म्हणाला, "कालच्यापेक्षा आज चांगलं चालून राह्यलं."

"थंडीमुळं असन," साक्षी म्हणाली, आणि दोघंही एकदम हसली.

बाकावर आपल्या फॉर्मची वाट पाहणारे म्हातारे मुखरूभाऊ शेवटी वैतागले. "काय वो बाई, याचा फोन रोजच बिघडते का?"

शुक्रवारी मात्र तो गप्प गप्प आला. फोन खिशातून काढलाच नाही.

"परवा माझी फ्लाइट. अन् उद्या... सिंदेवाहीले पोरगी पाहाले जाऊन राह्यलो. आईनं शब्द देऊन टाकला."

साक्षीनं दोन क्षण कीबोर्डवरची धूळ पुसली. मग सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"अश्वजित, ही टेस्ट इथी होत नाई. इथी सारंच दिसते. मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मले बी," तो हळूच म्हणाला.

"मंग बोला ना!"

"काय बोलू? दोन वर्षं सुट्टी नाई. तुमचं इथी दुकान, घरदार... कोनाले कायले अडकवून ठेवू?" आणि मान खाली घालून निघून गेला.

साक्षी आधी रडली. मग तिला असा राग आला, असा राग आला! माझ्या वतीनं ठरवून मोकळा झाला शहाणा? विचारायचं तरी!

शनिवारी सकाळी तिनं शटरला "आज बंद" लावलं आणि वैनगंगेकाठच्या त्याच्या गावाची जीप धरली.

"आज इकडं कुठी बाई?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मुलगा पाहाले," साक्षी म्हणाली. अख्ख्या जीपच्या माना तिच्याकडे वळल्या.

ती पोचली तेव्हा गिरजाबाई नवं लुगडं नेसून पडवीत तयार होत्या. इस्त्रीचा शर्ट घातलेला अश्वजित एका पायात बूट चढवून तिच्याकडे पाहतच राहिला.

"मी साक्षी. ब्रह्मपुरीची, दुकानवाली. मुलगा पाहाले आली."

गिरजाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "एकटीच?"

"बाबांले मंग आणीन. म्हटलं, आधी आपन पाहून घ्यावं."

गिरजाबाईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि लेकाकडे वळल्या. "उभा काय राह्यला? पोराकडचा आहेस तू. चाय आन!"

अश्वजित चहाचा ट्रे घेऊन आला. साक्षीला आता मागे फिरायचं नव्हतं.

"मी दुकान सोडनार नाई. दोन वर्षं थांबन. अडकाचं का नाई, ते मी ठरवीन, तुमी नाई." तिनं एका दमात सांगून टाकलं. "माझं प्रेम आहे तुमच्यावर. तुमचं नसन तर तसं सांगा, मी जाते."

अश्वजितनं ट्रे जमिनीवरच ठेवला. "आई," तो म्हणाला, "मले हेच पायजे. सहा दिवस झाले, सांगाची हिंमतच होऊन नाई राह्यली. मले साक्षीच पायजे."

शब्द तर दिलेला होता.

"तिकडं ते पोरगी नटून बसली असन," गिरजाबाई शेवटी म्हणाल्या. "तिले कायले फसवाचं?"

त्यांनी फोन लावला. "आमी नाई येऊन राह्यलो जी. गलती आमचीच आहे. पोराचं इथीच जमलं." पलीकडून जोरजोरात आवाज येऊ लागला. गिरजाबाईंनी तो पुरता ऐकून घेतला, "खरं आहे तुमचं" असं दोनदा म्हणाल्या आणि माफी मागून फोन ठेवला.

मग लेकाला म्हणाल्या, "दुसरा बूट घाल लवकर. हिच्या बापाकडं आजच जाचं आहे."