चाळीस गोटे

हिमांशू, टाकीचं झाकण लाव आणि इथे ओट्यावर येऊन बस. दिव्या, तूही बस. हिमांशू, तू जुनी गाडी पुन्हा उभी करतोयस याला माझा विरोध नाही. फक्त टाकी आतून घासायला गोटे कुठून आणलेस, एवढं सांग. दुकानातली गिट्टी? बरं. मग ऐक निवांत.

हसू नको, दिव्या. छत्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेला म्हातारा असली गोष्ट सांगतो, यात हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. मी जे पाहिलं ते तसंच होतं का, याचीही मला खात्री नाही. पण ज्यांच्या घरी हे घडलं ती माणसं सौंदडला आजही राहतात.

लोकेंद्र माझा विद्यार्थी. राइस मिलमध्ये मशीन सांभाळतो. त्याच्या वडिलांनी, रूपलालजींनी, पंचवीस वर्षं एका राजदूत मोटरसायकलवर दूध वाहिलं. मग लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दात तर आधीच सगळे पडले होते. चमच्याने ठसका लागायचा, म्हणून सून सोनिका तांदळाची पेज बोटाने चाटवायची. गाडी आठ वर्षं गोठ्यात पडून होती. म्हातारा डाव्या हाताने रोज तिकडे बोट दाखवायचा. दुसरं काही मागायचा नाही.

डॉक्टरने सांगितलं होतं, पुढच्या दिवाळीचा भरवसा नाही. म्हणून लोकेंद्रने शब्द दिला. बाबूजी, यंदा मंडईला तुमच्याच गाडीवर नेतो. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा; सौंदडची रविवारी, दहा नोव्हेंबरला होती. दोन हजार चोवीस साल.

मिलमधून आला की तो गाडीला भिडायचा. मागच्या सीटला त्याने लोखंडी पाठ जोडली, म्हातारा कलंडू नये म्हणून कमरेला पट्टा लावला. शेजारचा आसाराम, जंगलखात्यातला मजूर, येता-जाता टोमणा मारायचा, "बुढ्यासाठी खुर्ची बनवून राहिला का सिंहासन गा?"

सोनिका म्हणायची, "काका, लग्नात मलेही एवढं नाही सजवलं यानं."

राहिली होती टाकी. आत गंजाचे पापुद्रे. त्याने मला फोन केला. मी म्हणालो, अ‍ॅसिड नको, पत्रा खाईल. सोड्याचं पाणी टाक आणि गोल गुळगुळीत गोटे. मोजून टाक, मोजून काढ. हे माझंच सांगणं होतं, हे विसरू नका.

मंगळवारी, पाच तारखेला, तो कार्ब्युरेटर आणायला केशोरीला गेला. परत येताना जंगलात रस्त्याच्या कडेला गोट्यांचा एक ढीग लागतो. वीसेक वर्षांपूर्वी तिथे वाघाने एक माणूस नेला होता. जेवढा सापडला तेवढा तिथेच पुरला. तेव्हापासून जाणारा-येणारा नाल्यातून एक गोटा उचलतो आणि त्यावर टाकतो. लोकेंद्रही लहानपणापासून टाकायचा. त्या दिवशी नाल्याला पाणी होतं. ढिगावरचे गोटे मात्र कोरडे होते, गोल होते, हाताशी होते.

त्याने चाळीस उचलले.

बुधवारी टाकी गोणपाटात गुंडाळून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला बांधली. दिवसभर धानाचे भारे वाहताना ती फिरली. संध्याकाळी मी पोचलो. जेवणं झाली, म्हाताऱ्याला झोपवलं, आणि रात्री अकरा चाळीसला आम्ही गोठ्यात टाकी उलटी केली. मी, लोकेंद्र आणि बॅटरी धरायला आसाराम.

आधी तांबडं पाणी आलं. ते येणारच. मग घट्ट, काळं, शेंबडासारखं तार धरणारं काहीतरी आलं. जुन्या पेट्रोलचा चिकटा होतो, मी समजावून सांगत होतो. तेवढ्यात वास आला.

पेट्रोलचा नाही. तीन दिवस उन्हात पडलेल्या गुराला येतो तो. तोंड बंद केलं तरी जिभेवर बसत होता. लोकेंद्रने बोट घालून गोळा ओढला. केस होते. ओले, लांब, एकमेकांत वळलेले. ओढावे तेवढे येत होते... शेवटच्या पुंजक्याला पांढरट कातडी होती.

लोकेंद्र बाहेर जाऊन ओकला.

"उंदीर मेला असेल आत," मी म्हणालो.

आसारामने गोटे मोजले. चाळीस. आणि एक जास्तीचं. त्याने ते बोटाने उजेडात सरकवलं. दाढ होती. तंबाखूने तपकिरी झालेली, एक कोपरा तुटलेली. मुळाशी गुलाबी मांस.

"उंदराले अशी दाढ राहते का, गुरुजी?"



लोकेंद्र तोंड पुसत आत आला. आसारामने विचारलं, "कोठून आणलास गा हे गोटे?"

लोकेंद्रने सांगितलं. आसारामने बॅटरी खाली ठेवली. मग म्हणाला, "लोकं कायले टाकतेत ते गोटे? वरून दाबून राहावं म्हणून. उद्या उजाडलं का वापस नेऊन ठेव. जे जे निंगालं ते सारं. एकही मागं ठेवजो नोको."

लोकेंद्र हात धुवायला हापशावर गेला. आसारामने केस कागदात बांधले. गोटे आणि दाढ पिशवीत भरायचं काम माझ्याकडे आलं.

गोटे भरले. दाढेला हात लावणं मला जमेना. पक्कडीने उचलली. मांस लोंबत होतं. तो वास एकदम नाकात शिरला आणि मी... मी भिंतीपलीकडे शेणखताच्या खड्ड्यात फेकून दिली. विचार केला नाही. किळस आली, बस.

"सगळं भरलं ना, सर?" लोकेंद्रने विचारलं.

मी हो म्हणालो.

सकाळी पिशवी आणि पुडकं ढिगावर गेलं. मी गोंदियाला परतलो. शुक्रवारी फोन आला, सर, पहिल्या किकला सुरू झाली. मागे गाडीचा आवाज येत होता. मलाही बरं वाटलं. वाटलं, बघ, काही नसतं.

शनिवारी रात्री मी पुन्हा सौंदडला पोचलो, सकाळी बाबूजींना गाडीवर बसलेलं बघायला. दारातच सोनिका हळू आवाजात म्हणाली, "काका, बाबूजी गुरुवारपासून तोंडच उघडून नाही राहिले. चादरी धुतल्या, अंग पुसलं, वास नाही जात."

मी खोलीत गेलो. म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले होते. श्वास नाकाने. वास तोच होता. मी ओळखला, आणि गप्प राहिलो.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मला जाग आली. पलीकडच्या खोलीतून आवाज येत होता. करकर... करकर... जनावर हाड चावतं तसा. मला वाटलं कुत्रं शिरलं.

लोकेंद्र दिवा लावून उभा होता. सोनिका खाटेजवळ. आवाज म्हाताऱ्याच्या तोंडातून येत होता. जबडा हलत होता. ओठ मिटलेले. डोळे उघडे, माझ्याकडे.

दात नसलेल्या तोंडातून, हिमांशू.

"पानी मागत असतील," सोनिका म्हणाली. तिने बोट पाण्यात बुडवलं. मी तिला थांबवायला हवं होतं. मला माहीत होतं. तिथे फक्त मलाच माहीत होतं...

तिने बोट ओठांवर टेकवलं.

ओठ उघडले.

ती ओरडली नाही. तिच्या घशातून नुसती हवा आली. लोकेंद्रने दोन्ही हातांनी जबडा ओढून धरला तेव्हा बोट सुटलं. मी बॅटरीचा उजेड तोंडात मारला. मला बघायचंच होतं. वरची हिरडी, खालची हिरडी, जिभेखाली, गालांत. लोकेंद्रनेही बघितलं. काही नव्हतं. तान्ह्या पोरासारख्या गुळगुळीत गुलाबी हिरड्या.

पहाटे पाचला रूपलालजी गेले. मंडई भरली. गाडी गोठ्यातच राहिली, ती अजून तिथेच आहे, मागच्या पट्ट्यासकट.

खड्डा मी नंतर दोनदा उपसला. त्यांना सांगितलं, माझी अंगठी पडली आहे. काही मिळालं नाही. खरं अजून त्यांना सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात सोनिकाने मला चहा दिला. कपाच्या कानाला तिचं तेच बोट होतं. बोटावर खूण आहे. एकच, खोल, चौकोनी.

तिचा एक कोपरा नाही.