कशेळीच्या चिखलातली ट्रायल

त्या पांढऱ्या पिकअपच्या दारावर दोघांचे हात एकदमच पडले. स्नेहलने आपला हात मागे घेतला नाही. समोरच्या तरुणानेही घेतला नाही. तो फक्त किंचित हसला.

"तुम्ही बघून घ्या आधी," तो म्हणाला. "नंतर मी घेतो."

"बघून मीच घेणार आहे," स्नेहल म्हणाली.

मानकोली नाक्याजवळ जुन्या गाड्या विकणाऱ्या रामनाथच्या आवारात जुने टेम्पो, ट्रक रांगेने भिजत उभे होते. त्यात चारही चाकांना जोर मिळणारी, फोर बाय फोर पिकअप ही एकच. आणि स्नेहलला तसलीच हवी होती. राहनाळला तिच्या वडिलांचं, कोंडूबाबांचं, मोटर-पंप दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. गेल्या जुलैच्या पुरात पाण्यातून पंप उचलताना कोंडूबाबांची पाठ कायमची धरली, आणि बाहेरची सगळी कामं स्नेहलवर आली. अडचण साधी होती. जिथे पाणी तुंबतं तिथलेच पंप बंद पडतात, आणि जिथे पाणी तुंबतं तिथे त्यांचा तीनचाकी टेम्पो पोचतच नाही.

तो तरुण कशेळीचा, नाव कुणाल. गोदामांच्या लोखंडी शेड उभारायचा. खाडीलगतच्या भरावावर नवी कामं निघाली होती, पण पावसाळ्यात ट्रकवाले माल डांबरी रस्त्यावरच टाकून जात आणि त्याची माणसं वेल्डिंगचं मशीन खांद्यावरून नेत. मागच्याच आठवड्यात एकजण मशीनसकट घसरला होता. कुणालने हे अगदी सहज सांगितलं, पण सांगताना त्याचं हसू मावळलेलं स्नेहलला दिसलं.

रामनाथला दोन गिऱ्हाइकांत भांडण लागलेलं बरंच वाटत होतं. दोघं एकत्र ट्रायल घ्या आणि आपसात ठरवा, असं म्हणून त्याने चावी पुढे केली. ती स्नेहलने घेतली.

कुणालचं म्हणणं, हायवेच्या कडेने एक फेरी मारू. स्नेहल म्हणाली, डांबरावर कुठलीही गाडी पळते. मग त्यानेच आपल्या गावाकडचा, खाडीच्या बांधापलीकडचा भराव सुचवला. वाटेत तो तिच्या गिअरवरच्या हाताकडे बघत राहिला.

"रस्ता समोर आहे," ती म्हणाली.

"मी गाडी बघतोय. तुम्ही गाडीत बसलात, त्याला मी काय करू?"

तिने हसू दाबलं... पण ते त्याला दिसलंच.

बांध ओलांडताच कुणाल पावसात उतरला आणि इंजिनाचा जोर पुढेही पोचावा म्हणून पुढच्या दोन्ही चाकांवरचे लॉक हाताने फिरवून आला. स्नेहलने फोर बाय फोरची छोटी लिव्हर ओढली आणि गाडी चिखलात घातली. सुरुवातीला झकास चालली. भरावाच्या मधोमध मागची चाकं गरगरली, गाडीचं बूड टेकलं आणि ती थांबली. पुढची चाकं जागची हललीसुद्धा नव्हती.

कुणाल गाडीखाली आडवा झाला. बाहेर आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा काळा झाला होता.

"पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच नाहीये," तो म्हणाला. "काढून टाकलाय. लिव्हर नुसती शोभेला ठेवलीय."

स्नेहल रामनाथवर भडकली, मग न तपासता गाडी इथे घातली म्हणून स्वतःवर. तेवढ्यात तिचं लक्ष बाजूच्या चरीकडे गेलं. मघाशी तिच्या तळाला नुसता चिखल होता. आता तिच्यात पाणी होतं, आणि ते खाडीकडून आत येत होतं.

"आज अमावस्या ना?" तिने विचारलं.

कुणालने खाडीकडे पाहिलं. तो लहानपणापासून त्या पाण्याच्या काठाला वाढला होता. त्याचा आवाज एकदम खाली आला. "उधाण आहे. तुम्ही बांधावर जा. मी बघतो."

"आणि गाडी कोण चालवणार?"

त्याने वाद घातला नाही. जवळच एका अर्धवट भिंतीशी सेंट्रिंगच्या फळ्या पडल्या होत्या, त्या तो ओढून आणू लागला. स्नेहलने मागच्या टायरांची हवा निम्मी सोडली, म्हणजे रबर पसरून पकड घेईल. जॅक चिखलात रुतत होता. त्याच्याखाली एक फळी, चाकाखाली दुसरी. दोघं गुडघ्यावर बसून हातांनी चिखल उपसत होते. पाणी आधी बोटांना लागलं, मग मनगटांना. एकदा फळी सरकली आणि जॅक निसटला. कुणालने तिचा हात धरून एवढ्या जोरात मागे खेचला की ती पाठीवर पडली. क्षणापूर्वी तिची बोटं होती, तिथे गाडीचं चाक टेकलं होतं.

तो तिच्या बोटांकडे बघत होता. हात मात्र त्याने अजून सोडला नव्हता.

"परत," स्नेहल म्हणाली. "पाणी थांबणार नाही."

दुसऱ्या खेपेला जॅक टिकला. ती स्टिअरिंगवर बसली, तो मागून ढकलायला उभा राहिला. एकदा गाडी सुटली की बांधापर्यंत थांबायचं नाही, असं त्याने बजावलं. थांबली की पुन्हा रुतेल. गाडी डुलली, घसरली आणि एकदम उसळून सुटली. स्नेहल दात आवळून निघाली. आरशात तिने मागे पाहिलं. कुणाल दिसला नाही.

थांबायचं नव्हतं. ते अंतर कापायला लागलेला वेळ तिला जन्मभर विसरता आला नाही. बांधावर चढताच तिने ब्रेक लावला आणि धावत मागे गेली.

गाडी सुटली तेव्हा कुणाल पुढे झोकांडला होता. मांड्यांपर्यंत रुतला होता, आणि पाणी कमरेला लागलं होतं. सुटायला धडपडेल तितका आत जात होता. ती येताना दिसली तसा तो ओरडून तिला परत फिरवू लागला. स्नेहलने ऐकलं नाही. गाडीच्या वाटेवर पडलेल्या फळ्या तिने चिखलावर टाकल्या आणि त्यांच्यावर पोटावर झोपून पुढे सरकली.

"पाय मारू नकोस. कुणाल... माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे. एक पाय सैल सोड. सावकाश."

त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि मग बघतच राहिला, एक पाय सुटेपर्यंत, मग दुसरा. दोघं फळीवरून रांगत निघाले. मागे भरावावर पाणी सपाट पसरत गेलं.

स्नेहल बांधावर बसून हातांवरचा चिखल खरवडू लागली. कुणाल शेजारी बसून राहिला, जवळही सरकला नाही आणि लांबही नाही.

"मघाशी तुम्ही मला अरे-तुरे केलंत," शेवटी तो म्हणाला.

"चुकून झालं."

"मग तशीच चूक करत राहा."

गाडी त्यांनी रामनाथच्या दारात नेऊन उभी केली. आपल्याला काही ठाऊकच नव्हतं, असं तो म्हणत राहिला. स्नेहलने चावी बॉनेटवर ठेवली.

मग शोध एकत्र सुरू झाला. चांगली पिकअप दिसली की आधी दुसऱ्याला फोन करायचा, असं ठरलं. पडघ्याला एक बघितली, तिचा सांगाडा खाली गंजलेला. ठाण्यातली एक चांगली होती, पण तिचे सुटे भाग भिवंडीत मिळेनात, आणि मधेच बंद पडलेली गाडी कामवाल्याच्या कामाची नाही. दोघांचे वादही व्हायचे. कुणालला एकाच रांगेच्या सीटची, लांब हौद्याची हवी. स्नेहल हटून बसली की मागे सीटची दुसरी रांग पाहिजेच. आपली माणसं पावसात हौद्यात उभी राहून का जातील? दुसऱ्या दिवसापासून तोही दोन रांगांची डबल केबिनच शोधू लागला.

फोन आता गाड्यांसाठी कमी आणि कशासाठीही येऊ लागले. त्यांचा अर्थ जसा कळत गेला, तशी स्नेहलला झोप येईना. कुणालचे वडील केसरीनाथ गावातले मोठे शेतकरी, चारचौघांत शब्दाला मान असलेले. आणि स्नेहलच्या घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. जातीबाहेर लग्न करणाऱ्यांचं गावात काय झालं, ते तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तिने फोन घेणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी कुणाल वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. वाड्याच्या बाजूच्या एका खाणमालकाची पिकअप मिळत होती. डबल केबिन, पुढची चाकं फिरतात हे त्याने स्वतः खाली झोपून पाहिलं होतं.

"घे मग," ती मोटरवरून मान न उचलता म्हणाली. "तुझं काम मोठं आहे."

"मला एकट्याला नकोय." तो थांबला. "दोघांत एकच घेऊ, स्नेहल. कामाला... आणि घरालाही."

तिच्या हातातला पाना थांबला. आत खाटेवर पडलेल्या बाबांनी ऐकलं असणार. मघापासून येणारा त्यांचा खोकला बंद झाला होता.

"तुझ्या वडिलांना सांगितलंस?"

"नाही."

"आधी त्यांना सांग. ते येतील तर त्यांच्या तोंडून ऐकेन. चोरून मी काही घेणार नाही. गाडीही नाही."

त्याचा चेहरा उतरला. पण त्याने मान हलवली आणि तो गेला.

मग काहीच कळलं नाही. ना फोन, ना निरोप. आई, कौसल्या, तिच्या ताटात वाढलेलं तसंच परत नेत होती. शेवटी एका रविवारी सकाळी दारात एक निळी डबल केबिन पिकअप, त्या खाणमालकाचीच, येऊन थांबली. कुणाल उतरला. दुसऱ्या बाजूने पांढरी टोपी घातलेले केसरीनाथ उतरले. कोंडूबाबा भिंतीला धरून उभे राहिले. कौसल्याने पाणी आणलं. केसरीनाथांनी पेला हातात घेतला... आणि घटाघट पिऊन रिकामा केला. स्नेहलने रोखलेला श्वास थोडा सुटला, पण पुरता नाही.

"माजा पोर मना बोलला, हिनं मना खाडीतशी काढला," केसरीनाथ कोंडूबाबांना म्हणाले. मग स्नेहलकडे वळले. "गाडी चालवता येते ना? चल, बगू."

कुणाल पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. दोघंच निघाली. केसरीनाथ समोर बघत बसले होते. राहनाळचे खड्डे गेले, नाका गेला. रस्त्यात पाणी साचलं होतं, तिथे तिने वेग कमी केला आणि गाडी अलगद पार नेली.

"लोक बोलतील," ते म्हणाले.

"हो," स्नेहल म्हणाली. "बोलतील."

"तुना भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं, बाबा." शब्द तोंडातून गेला आणि ती दचकली. "खूप वाटतं. पण मला तो हवाय."

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. वळणावर डावीकडे राहनाळ, उजवीकडे कशेळी. स्नेहलने डावीकडचा इंडिकेटर दिला.

"तिकडं न्हाय," केसरीनाथ म्हणाले. "उजवीकडं घे. कुनालची आई सकाळधरनं च्या ठेवून बसली हाय. तुना बगाचा हाय तिना."

स्नेहलला समोरचा रस्ता धूसर दिसू लागला. तिने डोळे पुसले आणि गाडी उजवीकडे वळवली.