निळ्या गाडीचे पाच थर

त्या दिवशी पाऊस यायचं काही कारणच नव्हतं. सकाळी आभाळ इतकं लख्ख होतं की तिने छत्री घरीच ठेवली. आणि संध्याकाळी कामावरून परतताना बागेच्या कोपऱ्यावर पावसाने तिला बरोबर गाठलं. पर्स डोक्यावर धरून ती पळत सुटली, आणि समोरच्या गाडीचं मागचं दार उघडं दिसलं तशी सरळ आत शिरली.

आत पुस्तकं होती. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकं, मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट, आणि त्या वाटेत एक माणूस उभा.

"या! पुस्तक हवंय की छप्पर?"

"छप्पर," ती खरं तेच म्हणाली.

"तेही मिळेल. पण दोन आठवड्यांत परत करावं लागतं हं."

तिला हसू आलं. त्याने पुढे केलेला टॉवेल तिने घेतला आणि केस पुसत दाराकडे वळली... आणि तिचा हात थांबला. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, नखाएवढा चौकोन, निळा रंग खरवडलेला. पात्याचे ते ओरखडे तिच्या ओळखीचे होते. तिनेच तर खरवडलं होतं!

"या निळ्याखाली आणखी एक निळा आहे," ती नकळत बोलून गेली. "मग क्रीम. मग हिरवा. तळाशी राखाडी."

"तुम्हाला कसं ठाऊक? आधी ही दुधाची गाडी होती, त्याच्या आधी रोपवाटिकेची. हे तर माझ्याशिवाय कुणालाच..." त्याची नजर त्या चौकोनावर गेली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही... तो अहवाल तुमचा?"

ती पोलिसांच्या गुन्हे प्रयोगशाळेत काम करायची. रंगाच्या खपल्या, काचेचे कण, कापडाचे धागे—जे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही ते पाहायचं, हेच तिचं काम. तिथे सगळे तिला भिंगताई म्हणत. सात-आठ महिन्यांपूर्वी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या सायकलला कुठल्याशा गाडीने उडवलं होतं. 'निळी गाडी' एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं. पोलिसांनी या फिरत्या ग्रंथालयाची गाडी जप्त केली, आणि सायकलच्या हँडलला चिकटलेली निळी खपली तिच्या टेबलावर आली. वरवर पाहता रंग डिट्टो तोच.

"जुळतोय ना? मग लिहून टाका की, मॅडम," तपास अधिकारी घड्याळाकडे बघत म्हणाला होता.

तिने लिहिलं नाही. खपली आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निळ्याखाली थेट लाल, बस्स. गाडीवर पाच थर, खपलीत दोन. असे तीन तुकडे तिने कापून पाहिले, मगच सही केली. पुढे खरी गाडी सापडली, तिचा मालक सापडला. तिच्या लेखी मात्र या ग्रंथालयाच्या गाडीचा रंग म्हणजे निव्वळ 'नमुना ब' होता. त्या नमुन्यामागे टॉवेल घेऊन उभा असलेला कुणी हसरा माणूस असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"तीन महिने मी कामाविना होतो," तो म्हणाला. "मुलं मला पुस्तकदादा म्हणायची, ती आईच्या मागे लपायला लागली होती. तो अहवाल आला आणि... चार महिने शोधतोय मी तुम्हाला! दोनदा तुमच्या फाटकापर्यंत आलो. पहारेकऱ्याने हाकललं."

"बरोबर केलं त्याने." ती भानावर आली. "खटला चालू आहे अजून. मला साक्ष द्यायचीय. आपण बोलताना कुणी पाहिलं, तर आरोपीचा वकील राईचा पर्वत करेल."

"मी फक्त आभार—"

"आभारसुद्धा नकोत. निकाल लागेपर्यंत काहीच नको."

ती पावसात उतरली. मागून आवाज आला, "छत्री दिली तर चालेल?"

"नाही!"

"बरं... मग भिजा."

घरी पोहोचेपर्यंत ती चिंब झाली होती, आणि का कोण जाणे, हसत होती. अकरा वर्षांच्या नोकरीत तिला नोटिसा आल्या, समन्स आली, उलटतपासणीत टोमणे मिळाले. फाटकापर्यंत आभार मानायला मात्र कुणी आलं नव्हतं. हा दोनदा आला होता.

गाडी दर मंगळवारी कोपऱ्यावर यायची. मंगळवारी ती पलीकडच्या रस्त्याने घरी जायला लागली. पण घरात आई होती, आणि आईला पुस्तकाशिवाय घास उतरत नसे.

"गुणी आहे हो तो पुस्तकवाला," आईने एकदा जेवताना सुरू केलं. "त्या जखमी शिंप्याला दर शुक्रवारी घरी पुस्तकं नेऊन देतो. ज्याच्यामुळे अडकला, त्यालाच!"

"आई, मला त्याचं काही सांगू नकोस. साक्ष आहे माझी."

"अगं, वाचनाचीसुद्धा साक्ष असते का?"

तिने आमटी वाढून घेतली. मग न राहवून म्हणाली, "माझ्याबद्दल काही विचारलं त्याने?"

"एक अक्षर नाही. मीच सांगायला गेले तर कानावर हात ठेवले. म्हणाला, काकू, निकाल लागेपर्यंत नको."

तिला बरं वाटलं. आणि त्याचा थोडा रागही आला!

साक्षीच्या दिवशी तो शेवटच्या बाकावर बसला होता. आरोपीचा वकील थरांवरून, तारखांवरून फिरफिर फिरला आणि अखेर खाकरला.

"या ग्रंथालयवाल्या गृहस्थांना तुम्ही ओळखता?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! कोपऱ्यावरची ती पाच मिनिटं कुणीही पाहिली नव्हती.

"एकदा भेटले आहे," ती म्हणाली. "अहवालावर सही केल्यानंतर चार महिन्यांनी. पावसामुळे त्यांच्या गाडीत शिरले, तेव्हा गाडी ओळखली."

"अस्सं! काय बोलणं झालं?"

"मी गाडीचे थर सांगितले. त्यांना अहवाल माझा असल्याचं कळलं. आभार मानायला लागले, ते मी मानू दिले नाहीत. मग त्यांनी छत्री देऊ केली."

"आणि ती तुम्ही घेतलीत!"

"नाही. भिजत गेले. चार दिवस सर्दी होती."

सगळा कक्ष हसला. न्यायाधीशांनीही चष्मा पुसायचं निमित्त केलं. ती मात्र घामाघूम झाली होती. आपल्या खरेपणापायी म्हाताऱ्याचा न्यायच हुकला तर... सहा आठवडे तिला नीट जेवण गेलं नाही.

निकाल शुक्रवारी दुपारी लागला. आरोपी दोषी, अहवाल ग्राह्य. तिने फोन खाली ठेवला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला फोन केला.

"तो शिंपी राहतो कुठे?"

"मंगळवारपर्यंत दम निघत नाही वाटतं?" आई म्हणाली, आणि तिने पत्ता सांगितला.

दार शिंप्यानेच उघडलं, काठीवर रेलून. ती कोण हे कळल्यावर त्याने तिचा हात हातात घेतला.

"मला निळंच दिसलं होतं, पोरी. म्हणून तेवढंच बोललो. त्या एका शब्दाने भल्या माणसाचा जन्म वाया गेला असता... आणि माझ्या उरावर तो दगड कायमचा राहिला असता. तू त्याला सोडवलंस असं लोक म्हणतात. मला विचारशील, तर तू मला सोडवलंस."

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात फाटक वाजलं. पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून तो वाटेत थबकला होता.

"निकाल...?"

"लागला."

"म्हणजे आता आभार मानू?"

"माना."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "चांगलं पाठ केलं होतं हो. लांबलचक होतं... सगळं विसरलो."

"मग मी बोलते," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी काचेवरच्या कणांशी बोलतेय. त्यांच्या पलीकडे माणूस असतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. आभार माझेच तुम्हाला. आणि... दर मंगळवारी मी पलीकडच्या रस्त्याने जायचे. तुम्ही दिसू नयेत म्हणून. पण घरी पोहोचेपर्यंत डोक्यात तुम्हीच असायचात."

"मला माहीत आहे."

"ते कसं?"

त्याचे कान लाल झाले. "मी गाडी अशी लावायचो, की पलीकडचा रस्ता दिसावा. बोलायचं नाही असं ठरलं होतं. बघायचं नाही असं तुम्ही म्हणाला नव्हतात."

तिने पुढे होऊन त्याच्या हातातली वरची पाच-सहा पुस्तकं उचलून घेतली. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही हात मागे घेण्याची घाई केली नाही.

"अरे, आत या की दोघं!" शिंप्याने दारातून हाक मारली. "या पायावर फार वेळ उभं राहवत नाही मला. आणि तुमचं काही इतक्यात संपायचं दिसत नाही!"