ओळीतला सातवा दगड

क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या सभाघराच्या मागच्या बागेत, कबरींच्या ओळीतल्या सातव्या दगडाशी फौजदार क्लेगने जमीन उकरली आणि टॅबिथा सापडली. पंधरा दिवस ती बेपत्ता होती. डोक्यावर मागून घाव होता.

माळी सायलसच्या हातात बेड्या पडल्या. फावडं त्याचं, बागेची किल्ली त्याच्याकडे. यॉर्कशरच्या त्या गावात माणूस फासावर जायला एवढं पुष्कळ होतं.

"थांब," डॉर्कस म्हणाली. सत्तरीची ही सभाघरातली वडीलधारी बाई राणीलाही 'तू'च म्हणाली असती. क्वेकरांत सगळे सारखे. "दगड उपटलास, तेव्हा खाली काय होतं?"

"फौजदाराशी बोलताय बाई, जरा मानाने! दोन विटा होत्या. नव्या कोऱ्या."

डॉर्कसने ओळीवर नजर फिरवली. सगळे दगड गुडघ्याएवढे. मेल्यावर कोणी कोणापेक्षा उंच नाही, हा नियम. फक्त कोपऱ्यातला एक खचला होता.

"सायलस, तो कधी खचला?"

"दोन वर्षं झाली."

"वर का नाही घेतलास?"

"मेलेल्याला उंची कशाला हवी, बाई?" सायलस रडकुंडीला आला होता. "अमोसदादा रोज टोकतात त्यावरून. तुम्हा लोकांचं तुम्हालाच ठाऊक!"

डॉर्कसचा चेहरा पांढरा पडला. अमोस टॅबिथाचा नवरा, सभाघराचा रखवालदार आणि डॉर्कसचा धाकटा भाऊ. ती तडक आत गेली. मागोमाग क्लेग, सायलसला धरून. आतल्या खिडक्या इतक्या उंच की बसलेल्याला बाग दिसत नाही. अमोस बाकावर बसून होता.

"क्लेग, ऐक. प्रेत पुरलं की माती फुगते, दगड बुटका दिसतो. सायलसने तो तसाच सोडला असता. दोन वर्षं एक सोडलाच आहे. खुन्याला ते बघवलं नाही. त्याने खाली विटा घालून दगड ओळीत आणला. ही खोड आमच्यातल्याचीच. त्याला ती मीच लावली, आई गेल्यावर." ती भावाकडे वळली. "अमोस, आपण क्वेकर शपथ घेत नाही, खोटंही बोलत नाही. नुसतं हो की नाही सांग."

"हो. ती मला सोडून चालली होती, ताई."

"आणि सायलस फासावर गेला असता तर? गप्प बसला असतास?"

अमोसने मान खाली घातली. "हो."

जिने जन्मात कोणावर हात उगारला नव्हता, तिने भावाच्या थोबाडीत मारली. मग त्याच्याच शेजारी बसून ती ढसाढसा रडली.