कोऱ्या कॅसेटची साक्ष

"माझ्या मुलाला उद्या मी घराबाहेर काढणार आहे," ध्वनिमुद्रण केंद्राचे मालक खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाले. "त्याआधी खात्री करून घ्यावी, म्हणून तुमच्याकडे आलो."

खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी त्यांना बसण्याची खूण केली. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, टिपणे घ्यायला सरसावले. वहिनींना मिळणारा मान भाऊजींना नेहमीच थोडा झोंबत असे. त्यामुळे गुन्हेगार आपण आधी सांगायचा, असा प्रत्येक वेळी त्यांचा निश्चय असे.

मालकांची हकिकत अशी होती. केंद्रातील सारी जुनी गाणी संगणकात उतरवून झाली होती. ती दीर्घकाळ जपण्यासाठी टेप ड्राइव्ह, म्हणजे संगणकातील माहिती फितीच्या कॅसेटवर भरून ठेवणारे यंत्र, घ्यायचे होते. थोरल्या मुलीने, ताईने, नव्या घडणीचा ड्राइव्ह सुचवला. धाकट्या मुलाने जुन्या घडणीचा. दोन्ही चाचणीसाठी आणले, दोन्हींवर तीच गाणी भरली. काल सर्वांसमोर कॅसेटी वाचून पाहिल्या, तेव्हा धाकट्याची नीट निघाली आणि ताईची कोरी. जिथे ताईची कॅसेट ठेवली होती त्या कपाटात, तिला खेटून लाउडस्पीकरचा लोहचुंबक सापडला. लाउडस्पीकर दुरुस्त करतो धाकटा.

"मग कोडं कसलं?" भाऊजी म्हणाले. "चोर चुंबकासकट सापडलाय!"

"ती कॅसेट कुठे आहे?" वहिनींनी विचारले.

"वापरात आहे. ताई म्हणाली, धडधाकट आहे, फेकायची कशाला? तिनं लगेच तीच पुन्हा भरली आणि वाचूनही दाखवली."

वहिनी उठल्या. "चला, भाऊजी."

धाकटा दुरुस्तीच्या टेबलाशी बसला होता. "चुंबक माझाच. पण तो कपाटात कसा गेला, देव जाणे. आणि मला त्यातून काय मिळणार? यंत्र कोणतंही घ्या, संग्रहाची खोली बाबांनी मलाच सांभाळायला द्यायचं ठरवलंय."

"यंत्र हरलं असतं, तर नाक कापलं गेलं असतं ना?" भाऊजींनी टोमणा मारला.

"कापायला ते आहे कुठे, भाऊजी? पाहताय ना, केवढं बसकं आहे."

वहिनी हसल्या. "ताईच्या ड्राइव्हवर कधी काम केलंस?"

"हात कोण लावू देतंय! तो तिच्याच संगणकाला जोडलाय, आणि तो संगणक तिच्या बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही."

ताईने त्यांचे स्वागत थंडपणे केले. मात्र ड्राइव्हचा विषय निघताच तिचा चेहरा खुलला.

"या फितीवर कारखान्यातच बारीक मार्गरेषा आखलेल्या असतात," ती म्हणाली. "त्या धरूनच ड्राइव्ह चालतो, म्हणून एवढ्याशा फितीत एवढं मावतं. रेषा नसतील, तर ड्राइव्ह ती कॅसेट स्वीकारतच नाही. धाकट्याच्या फितीला असलं काही नाही."

"रेषा गेल्या, तर पुन्हा आखता येतात?"

"छे! कारखान्याबाहेर ते शक्य नाही."

"आणि तुमच्या भावानं हे का केलं असावं?"

"लहानपणापासून माझं कौतुक झालं की त्याच्या पोटात दुखतं."

वहिनींनी मालकांना आणि दोन्ही भावंडांना ताईच्या खोलीत बसवले. भाऊजींनी घसा साफ केला. "गुन्हेगार धाकटाच! चुंबक त्याचा, आणि ज्याचा चुंबक—"

"भाऊजी, चुंबकाला डोळे असतात का?" वहिनींनी विचारले. "गाणी तेवढी पुसायची आणि कारखान्याच्या रेषा शाबूत ठेवायच्या, हा विवेक त्याला कुठून सुचणार? गाणी चुंबकानं गेली असती, तर रेषाही गेल्या असत्या आणि ही कॅसेट कायमची निकामी झाली असती. पण तिच्यावर पुन्हा गाणी भरली गेली. याचा अर्थ, ती चुंबकानं पुसलेली नाही."

"मग?" मालकांनी विचारले.

"रेषांना धक्का न लावता मजकूर पुसतो तो खुद्द ड्राइव्ह. हा ड्राइव्ह चालतो ताईंच्या संगणकावरून, आणि संगणक उघडतो ताईंच्या बोटानं. म्हणूनच चुंबक लागला. तो नसता, तर संशय सरळ ताईंवर आला असता."

"पण वहिनी," भाऊजी चाचरले, "मग तीच कॅसेट परत कशाला भरायची?"

"आपण निवडलेलं यंत्र सर्वांसमोर हरलं, हे ताईंना घडीभरही सोसवलं नाही. भावावर आळ हवा होता, यंत्रावर डाग नको होता. रेषांचं ज्ञान त्यांना सगळ्यांहून अधिक. मत्सरापुढे नेमकं तेच विसरल्या."

मालक ताईकडे वळले.

"अगं, पण मी यंत्र तुझंच घेणार होतो!" मालक कसेबसे म्हणाले.

"ठाऊक आहे!" ताई उसळली. "यंत्र माझं आणि खोली त्याची! अभ्यास करायचा मी, गादीवर बसायचं त्यानं. तो घराबाहेर गेल्याशिवाय मी तुम्हाला दिसणारच नव्हते, बाबा."

मालकांनी मान खाली घातली. मग ते मुलाला म्हणाले, "तू कुठेही जायचं नाहीस. चुकलो मी."

धाकट्याने खिशातून संग्रहाच्या खोलीची किल्ली काढली आणि बहिणीसमोर ठेवली. "घे, ताई. यातलं तुलाच कळतं. मी बाबांना आधीच सांगायला हवं होतं."

ताईने किल्लीकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले, पण हात पुढे झाला नाही.

"चांगुलपणातसुद्धा," ती म्हणाली, "पहिला नंबर तुझाच का रे?"