रिकाम्या पिंजऱ्यातली शिंक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ताई राईचा पर्वत करणारी बाई नाही.

साथीचं पहिलं वर्ष. रविवारची दुपार.

ताई जनावरांची डॉक्टर. कोरोनाचा विषाणू कुठल्या प्राण्याला कसा लागतो, ते तिच्या प्रयोगशाळेत तपासत. साध्या उंदरांना तो फारसा लागायचाच नाही. हॅमस्टर, ते गुबगुबीत पाळीव उंदीर, वाळायचे, पुन्हा सावरायचे. फेरेट मात्र... मुंगसासारखे लांबुडके प्राणी. ते चक्क माणसांसारखे शिंकायचे, आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्यालाही आजारी पाडायचे.

त्यांच्यावर एक औषध चालू होतं. फुप्फुसं तपासायची म्हणून शनिवारी ताईने सगळे फेरेट स्वतःच्या हाताने कायमचे झोपवले.

औषधाचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

आणि भावोजी त्याच आजाराने दवाखान्यात. ऑक्सिजनवर. भेटायला बंदी.

रविवारी ती धुतलेले पिंजरे बघायला आत गेली. अंगभर सूट, तोंडावर काच. आत रडू आलं तर डोळेही पुसता येत नाहीत.

तेवढ्यात...

शिंक.

बारीकशी. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून.

पिंजरा रिकामा होता.

मग शेजारच्या पिंजऱ्यातून. मग त्याच्या अलीकडच्या... सरकत सरकत तिच्याकडे.

तिने बाहेर बोलायचं भिंतीवरचं बटण दाबलं. "आत कुणी आहे का?"

बाहेरचा मदतनीस म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकट्याच आहात. पण... मलाही ऐकू येतंय."

ताई पळाली नाही. तिथेच फरशीवर बसली. हात जोडले.

"मीच मारलं तुम्हाला. माझं काय करायचं ते करा. पण ह्यांना सोडा रे..."

शिंका थांबल्या.

पिंजऱ्यांची दारं मात्र... एकेक करून उघडत गेली.

संध्याकाळी दवाखान्याचा फोन आला. भावोजी सावरत होते!

ते घरी आले, तेव्हा मी ताईकडेच मुक्कामाला होतो.

"त्या रविवारी मी गेलोच होतो बघ," भावोजी मला म्हणाले. "छातीवर काहीतरी ऊबदार येऊन बसलं. मांजराएवढं. किती तरी वेळ नुसतं तोंडाकडे बघत होतं. मग उठून गेलं."

"कुठे?"

"ते नाही दिसलं."

ताई दारात उभी राहून हे ऐकत होती. मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन म्हणाली, "बॅग भर. आत्ताच्या आत्ता घरी जा."

"अगं, पण झालं काय?"

"ह्यांना सोडलं त्यांनी, पण माझ्यामागे घरी आलेत. शेजारच्यालाही धरतात ते... जा रे बाबा, हात जोडते तुझ्यापुढे."

मी निघालो.

त्यानंतर ताईने मला कधीच उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दारातूनच बोलते. तेही हळू आवाजात, आतलं कुणी जागं होऊ नये अशी...