कप्तानांचा लांबचा रस्ता

"देवा, आता तूच सांग रे बाबा… डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे," मागून आवाज आला.

मी दचकलेच! परका देश, भुरभुर पाऊस, छत्री उलटी झालेली, पत्त्याच्या कागदाचा लगदा — आणि देव चक्क मराठीत बोलला. आवाज जरा घोगरा होता, एवढंच.

वळून पाहिलं तर पांढरी व्हॅन. खिडकीतून साठीपुढचे एक गृहस्थ डोकावत होते. डोक्यावर निळी टोपी, मिशीत हसू.

"सेवाकेंद्रात येणाऱ्या नव्या सिस्टर ना? बसा. मी तिथलाच ड्रायव्हर."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"या शहरात देवाला रस्ता विचारणारं माणूस आपल्याकडचंच असणार!"

पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून राबून मी निवृत्त झाले होते. यजमानांना जाऊन आठ वर्षं झालेली, लेक सासरी सुखात. रिकामं घर खायला उठायचं. हातपाय धड आहेत तोवर कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून सहा महिन्यांच्या स्वयंसेवेला आले होते. ह्या ड्रायव्हरसाहेबांनी तीस वर्षं इथल्याच बस चालवलेल्या. बायको गेल्यावर केंद्राची व्हॅन हाती घेतली. सगळे त्यांना कप्तान म्हणायचे.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, जखमा पुसायच्या, गोळ्या डबीत लावून द्यायच्या, हे आमचं काम. जिने मी चढायचे, गाडी ते सांभाळायचे. केंद्राच्या माडीवरची माझी खोली महिन्याभरात अंगवळणी पडली. कुरकुरणारा हीटर, खिडकीशी टेबल, शेजारणीचा खोकला, सगळं आपलंसं झालं. जमेनात ते रस्ते! रोज संध्याकाळी वहीत नकाशा काढायचे, आणि तो मांजरानं खेळलेल्या लोकरीसारखा दिसायचा. शेवटच्या आजीबाईंच्या घरून केंद्रात यायचा रस्ता तर रोज वेगळाच.

"आज पुलावरून का हो?"

"तिकडे खोदलंय."

"आणि काल बागेवरून?"

"काल… तिकडेही खोदलं होतं."

"हे शहर आहे का शेत?"

ते खळखळून हसायचे. मी कीर्तनं ऐकत वाढलेली. वाटेत त्यांना आख्यानं सांगायचे, मध्येच एखादं पद गुणगुणायचे. ते बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरायचे. एकदा सिग्नलला त्यांनी माझ्याकडे पाहिलं… आणि दिवा हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवेपर्यंत पाहतच राहिले. मी उगाच मफलर सारखा केला.

सहावा महिना लागला. वर्षभर मुदत वाढवायची की परत जायचं? फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा होता. राहायची फार इच्छा होती. पण अडीअडचणीला एकटीनं धावत जाता येईना, अशी नर्स काय कामाची?

"आई, हट्ट सोड," लेक फोनवर म्हणाली. "पाच महिने झाले, तुला अजून घरचा रस्ता सापडत नाही. कुठे चुकलीस तर?"

माझं डोकंच गंजलं, असं मनाशी धरून मी 'नाही'वर खूण केली. कप्तानांना बोलले नाही. तेही कधी 'राहा' म्हणाले नव्हते…

शुक्रवारी व्हॅन गॅरेजमध्ये होती. केंद्राच्या मॅडमनी मला आपल्या गाडीतून घरोघर फिरवून शेवटच्या आजीबाईंकडे सोडलं. काम आटोपल्यावर मी टॅक्सीचा नंबर शोधू लागले, तर आजीबाई म्हणाल्या, "टॅक्सी कशाला गं? मागच्या फाटकातून निघ, शाळेची भिंत धरून चाल. केंद्र समोरच आहे की!"

निघाले. घड्याळ लावून सहा मिनिटं!

कप्तान गॅरेजमधून परतून केंद्राच्या अंगणात उभे होते.

"काय हो, कुठे कुठे खोदलंय?"

त्यांनी मी आले त्या फाटकाकडे पाहिलं. हळूच टोपी काढली.

"पहिल्या आठवड्यात तुमचं आख्यान ऐन रंगात आलेलं… आणि केंद्र दिसायला लागलं. मी गाडी पुलाकडे वळवली. मग… सवयच लागली."

"पाच महिने?"

"लांबून आलो की तुम्ही अर्धा तास बसता. जवळून आलो तर उतरून जाल."

"आणि मी इकडे स्वतःला बावळट समजत बसले! डोकं चालत नाही म्हणून परत निघाले, हे बघा!" मी पर्समधला फॉर्म त्यांच्या हातात कोंबला.

खूण पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्यामुळे?… सिस्टर, चुकलो. उद्यापासून सहा मिनिटांत आणून सोडीन, तोंडातून अवाक्षर काढणार नाही. पण जाऊ नका."

"का जाऊ नको?"

ते टोपी फिरवत राहिले.

"तीस वर्षं बस चालवली. शेवटचा थांबा आला की हायसं वाटायचं. तुम्ही शेजारी बसायला लागल्यापासून… थांबा यावासाच वाटत नाही."

रागावायचं ठरवलं होतं मी. राग काही येईना!

"हे सांगायला पाच महिने लागले?"

"भीती वाटायची. तुम्ही नाही म्हणालात तर व्हॅनमध्ये मी एकटाच."

पाचला दहा मिनिटं होती. मी आत धावले, मॅडमकडून नवा फॉर्म घेतला, 'हो'वर खूण केली. खाली एक रकाना होता, मुदतवाढीचं कारण. क्षणभर पेन अडखळलं. मग खरं तेच लिहिलं.

मॅडमनी चष्मा नाकावर ओढून मोठ्यानं वाचलं, "इथे मला थांबवून घेणारं एक माणूस आहे."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि ते माणूस टोपी हातात धरून तसंच उभं होतं. मॅडमनी शिक्का उमटवला.

"कारण चालेल. पण आधी त्याला आत बोलवा, भिजतंय ते."

मी खिडकी उघडली. 'कप्तान' म्हणायला तोंड उघडलं… आणि निघालं ते भलतंच —

"अहो… आत या ना!"